पुढच्या वर्षीचा पिक आणि या महिन्याचं बिल

ग्रीन बे, विस्कॉन्सिन
३ सप्टेंबर २०२५

प्रिय पक्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. त्यात तू दोन प्रश्न विचारलेस. आमच्या ग्रीन बेच्या अमेरिकन फुटबॉल संघाने, पॅकर्सनी, डॅलसच्या मायका पार्सन्ससाठी पहिल्या फेरीचे दोन पिक (नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) देऊन टाकले ते शहाणपण की खुळेपणा, हा एक. दुसरा, शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं घर लावून झाल्यावर क्रेडिट कार्डावर चार हजार डॉलर राहिलेत, डे-केअरचं बिल सुरू झालंय, तर अशात संडे तिकीट (टीव्हीवर रविवारच्या मॅच दाखवणारं पैशाचं पॅकेज) घ्यावं का. मला दोन्ही एकाच वहीतले वाटतात. आजची हौस पुढच्या वर्षाच्या नावावर लिहिली, की पुढच्या वर्षी ती फेडायला तिथे कोण उभा असणार, एवढंच दोन्हीकडे बघायचं. तू शिकागोच्या संघाचा, बेअर्सवाला झालास याचं दुःख आहेच, पण ते बाजूला ठेवून सविस्तर लिहितो.

आधी आयपीएलचा लिलाव डोक्यातून काढून टाक. लिलावात पैशाची बोली लागते, एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, फक्त पाळी असते. प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना) न पोचलेले १८ संघ उलट्या क्रमाने, सगळ्यात वाईट आधी, १ ते १८, मग वाइल्ड कार्डला, म्हणजे पहिल्या बाद फेरीत, हरलेले १९ ते २४, पुढच्या फेरीत हरलेले २५ ते २८, कॉन्फरन्स फायनल (उपांत्य सामना) हरलेले २९ आणि ३०, सुपर बोल (अंतिम सामना) हरलेला ३१ आणि जिंकलेला ३२. दोन संघांचा रेकॉर्ड सारखा असेल तर ज्याचं वेळापत्रक सोपं होतं त्याची पाळी आधी, कारण सोप्या वेळापत्रकातही तेवढेच हरला म्हणजे तो जास्त गरजू. अशा सात फेऱ्या. या पाळ्या आपसात बदलता येतात, पुढच्या वर्षीच्या गहाण टाकता येतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

पाळीला किंमत का येते? खेळाडू चांगला असतो म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. तो चार वर्षं स्वस्तात मिळतो म्हणून. २०१० साली पहिल्या नंबरवर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, त्यातले ५ कोटी खात्रीचे, तेही एनएफएलमध्ये एक पास न टाकता. मालक आणि जुने खेळाडू दोघेही वैतागले. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारात प्रत्येक पिकचा पगार जवळपास ठरवूनच टाकला आणि त्या वर्षी पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाखच मिळाले. तुमच्या क्वार्टरबॅकचं (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं), केलब विल्यम्सचं बघ: २०२४ चा पहिला पिक, चार वर्षांचे साधारण ३ कोटी ९५ लाख. सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या वर्षभराच्या पगारखर्चाच्या मर्यादेत, त्याचे पहिल्या वर्षी सुमारे ७२ लाख, मग चढत चढत चौथ्या वर्षी सव्वा कोटी. डॅलसच्या क्वार्टरबॅकची, डॅक प्रेस्कॉटची, सरासरी वर्षाला ६ कोटी आहे. म्हणजे केलब मधल्या फळीतला क्वार्टरबॅक निघाला तरी बेअर्सच्या हातात दरवर्षी तीन-चार कोटींची मोकळीक राहते आणि तिच्यात एक चांगला टॅकल (आपल्या क्वार्टरबॅकला सांभाळणारा) आणि एक पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) सहज बसतो. या वर्षी कॅप २७ कोटी ९२ लाख आहे, त्यातले तीन-चार कोटी मोकळे मिळणं ही फार मोठी गोष्ट. पहिल्या फेरीवाल्यांचं पाचवं वर्ष वाढवायचं की नाही हे तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यात ठरवावं लागतं. केलबचा निकाल मे २०२७ मध्ये. तोपर्यंत तुमची खिडकी उघडी आहे. (शंभरी उलटलेल्या संघाच्या एकाही क्वार्टरबॅकने अजून एका हंगामात ४००० यार्ड टाकलेले नाहीत, हे मी मुद्दाम लिहीत नाहीये असं समज.)

खालच्या फेऱ्यांचं चित्र निराळं. सातव्या फेरीतल्या पोराला या वर्षी किमान पगार ८ लाख ४० हजार. ऐकायला दणदणीत. पण तो १८ आठवड्यांच्या हंगामाचा, म्हणजे आठवड्याला ४६,६६७, आणि तो ५३ जणांच्या यादीत असेल तरच. ऑगस्टअखेर नाव कापलं तर हातात उरतो सुरुवातीचा छोटासा साइनिंग बोनस (सही केल्याचे पैसे). नशीब असलं तर प्रॅक्टिस स्क्वॉड (सरावापुरते ठेवलेले राखीव), आठवड्याला १३,०००. एजंटाचे तीन टक्क्यांपर्यंत जातात, आणि ज्या राज्यात मॅच खेळतो त्या राज्याचा करही. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलावहिला पिक, जे बर्वॅंगर, १९३६ साली फिलाडेल्फियाने निवडला. त्याचे हक्क पुढे तुमच्याच बेअर्सकडे आले. त्यांचा मालक जॉर्ज हॅलस याच्याशी पैशावरून जमलं नाही, तेव्हा गड्याने रबर कंपनीत नोकरी धरली आणि एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. पहिल्याच पिकने पगार बघून नकार दिला, यातच या खेळाचं अर्थशास्त्र आलं.

आता सौदेबाजी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याच्या काळात एक तक्ता तयार झाला, प्रत्येक पिकला गुण देणारा. आज बहुतेक संघांचे स्वतःचे तक्ते आहेत, पण गप्पांत अजून तोच चालतो. पहिला पिक ३०००, दुसरा २६००, दहावा १३००, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०, अठ्ठेचाळिसावा ४२०. उतार किती तीव्र आहे बघ. खेळाडूंची गुणवत्ता एवढी झपाट्याने उतरत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी जुने ड्राफ्ट तपासले, तर आधी निवडलेला खेळाडू त्याच जागी खेळणाऱ्या, लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता साधारण ५२ टक्के निघाली. नाणेफेकीपेक्षा केसभर जास्त. तरी वर सरकण्यासाठी संघ दोन-दोन वर्षांचे पिक उधळतात.

आता खरी मेख. या व्यवहारात एक रूढ ठोकताळा आहे: पुढच्या वर्षीची पहिली फेरी म्हणजे या वर्षीची दुसरी फेरी. पेन्सिल घे आणि त्याच तक्त्यावर मांड. पहिल्या फेरीचा मधला पिक, १६ वा, १००० गुण. दुसऱ्या फेरीचा मधला, ४८ वा, ४२० गुण. आज ४२० घ्यायचे आणि वर्षाने १००० द्यायचे. व्याज झालं ५८०, म्हणजे १३८ टक्के! तुझं २४ टक्क्यांचं कार्ड यापुढे अगदी साधुसंत.

एवढे हुशार लोक हे का करतात? कारण व्याज त्यांना भरायचं नसतं. संघ बांधणाऱ्या जनरल मॅनेजरची खुर्ची डळमळीत असली की त्याला या हंगामात चार मॅच जास्त जिंकायच्या असतात. पुढच्या वर्षीचा पिक त्याच्यानंतर येणाऱ्याचा. जो घेतो तो निराळा आणि फेडतो तो निराळा, म्हणून १३८ टक्केही त्याला स्वस्त वाटतात. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी १२ व्या पिकसोबत २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेऱ्या आणि वर एक तिसरी फेरी दिली. दोन वर्षांत लान्स चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला गेला. त्यांना वाचवलं दुसऱ्या क्वार्टरबॅकने, ब्रॉक पर्डीने, जो २०२२ चा अगदी शेवटचा, २६२ वा पिक. हे त्यांचं नशीब. धोरण म्हणून कोणी सांगू लागलं तर ऐकू नकोस. उलट बाजूने तुमचे बेअर्स २०२३ मध्ये शहाण्यासारखे वागले. पहिला पिक कॅरोलायनाला देऊन ९ वा, ६१ वा, पुढच्या वर्षीची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी आणि वर डीजे मूर हा खेळाडू घेतला. पुढच्या वर्षीची ती पहिली फेरीच पहिला नंबर निघाली आणि तिच्यातून केलब आला. घाईत असलेल्याला उधार देणारा जिंकतो.

मग पार्सन्स? दोन पहिल्या फेऱ्या आणि आमचा खेळाडू केनी क्लार्क गेले. आमचा संघ बरा खेळला तर ते पिक पंचविशीच्या पुढचे असतील, तक्त्यावर प्रत्येकी साधारण ६०० ते ७००. तेवढ्यात सव्विशीतला, स्वतःला सिद्ध केलेला पास रशर मिळत असेल तर नाक मुरडायला जागा नाही. मला टोचतं ते दुसरंच. आमच्या क्वार्टरबॅकची, जॉर्डन लव्हची, सरासरी वर्षाला साडेपाच कोटी, पार्सन्सची ४ कोटी ७० लाख. सरासरीने धरलं तर दोघे मिळून या वर्षीच्या कॅपच्या ३६ टक्क्यांवर जातात. अशा वेळी स्वस्तातले चार वर्षांचे करार सगळ्यात जास्त लागतात आणि आम्ही नेमके तेच दोन दिले. आता दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत चुकायची सोय राहिली नाही. तरी मला विचारशील तर सौदा पटला, कारण करणारा आणि निस्तरणारा एकच माणूस राहील असं दिसतंय.

तू कॅपच्या ‘जादू’बद्दल विचारलंस, तीही सांगून टाकतो, कारण घरात शिरणारा रोग तोच आहे. समजा एखाद्याचा या वर्षीचा पगार १ कोटी ६० लाख. त्यातले दीड कोटी संघ ‘बोनस’ म्हणून आजच देतो. बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागता येतो, म्हणून कॅपवर यंदा दीड कोटीऐवजी ३० लाखच दिसतात. १ कोटी २० लाख ‘वाचले’. करारात तेवढी वर्षं उरली नसतील तर शेवटी पोकळ वर्षं जोडतात, ज्यांत तो खेळणारच नाही, फक्त हप्ते पडणार. खेळाडूला मध्येच काढलं तर राहिलेले सगळे हप्ते एकदम अंगावर येतात. यालाच डेड मनी म्हणतात. १ जूननंतर काढलं तर ते दोन वर्षांत वाटता येतात, पण माफ काही होत नाहीत. डेन्व्हरने २०२२ मध्ये रसेल विल्सनला नवा मोठा करार दिला आणि त्याची नवी वर्षं सुरू होण्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, त्याला सोडलं. साडेआठ कोटी डेड मनी, दोन वर्षांत वाटून.

तरीही फिलाडेल्फियासारखे संघ हेच करून सुपर बोल जिंकतात, कारण कॅप वाढत जाते: २०२३ मध्ये २२ कोटी ४८ लाख, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख, आता २७ कोटी ९२ लाख. मागे २०३३ पर्यंतचे टीव्ही करार उभे आहेत. उद्याचे ३० लाख आजच्या ३० लाखांपेक्षा हलके, आणि वर व्याज शून्य. फक्त २०२१ मध्ये कोविडने कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर आणली, तेव्हा पुढे ढकलणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तुझ्या पगारामागे टीव्ही करार नाही, व्याज शून्य नाही आणि तुझ्या जागी पुढच्या वर्षी दुसरा मॅनेजर येणार नाही. म्हणून संघांचं ड्राफ्टचं गणित घरात आण, कॅपचं आणू नकोस.

आता तुझं संडे तिकीट. नको घेऊस. ते फक्त बाहेरगावच्या संघांच्या रविवार दुपारच्या मॅचसाठी आहे. तुमच्या भागात चॅनेलवर लागणारी मॅच त्यात दिसतच नाही. तू शिकागोत राहून बेअर्स बघणार, तर हे पैसे कशासाठी? संघाच्या स्वतःच्या शहरात त्याची प्रत्येक मॅच साध्या अँटेनावर फुकट दिसते. केबलवरच्या किंवा ॲपवरच्या मॅचसुद्धा तिथल्या एखाद्या लोकल चॅनेलवर द्याव्या लागतात. येत्या सोमवारची, ८ तारखेची वायकिंग्सविरुद्धची मॅच तुला चॅनेल ७ वर मिळेल.

अँटेना घेताना मात्र एक खोच आहे. शिकागोत ७, ५ आणि ३२ ही चॅनेलं यूएचएफवर (आखूड लहरींवर) येतात, पण मॅच दाखवणाऱ्या सीबीएस नेटवर्कचं चॅनेल २ प्रत्यक्षात १२ व्या व्हीएचएफ (त्याहून लांब लहरींच्या) चॅनेलवरून प्रक्षेपित होतं. दुकानात मिळणारे कागदासारखे चपटे अँटेना यूएचएफला ठीक, व्हीएचएफला रडतात. लोक ते खिडकीला चिकटवतात, बाकी सगळं दिसतं, सीबीएस तेवढं दिसत नाही, मग वैतागून सबस्क्रिप्शन घेतात. तू दोन दांड्यांचा, जुना ‘सशाचे कान’ प्रकारचा घे, मध्ये यूएचएफची रिंग किंवा पट्टी असलेला. वीस ते चाळीस डॉलर. दोन्ही दांड्या प्रत्येकी साधारण साडेतेरा इंच बाहेर काढ आणि जवळजवळ आडव्या ठेव. पूर्ण लांब ओढल्या तर उलट सिग्नल पडतो, कारण १२ व्या चॅनेलच्या अर्ध्या तरंगलांबीला एकूण सत्तावीस इंचच लागतात. मनोरे डाउनटाउनच्या उंच इमारतींवर, म्हणजे तुझ्या पूर्वेला, साधारण तीस मैलांवर. म्हणून पूर्वेची खिडकी, शक्य तर वरच्या मजल्याची, आणि दांड्यांची रुंद बाजू पूर्वेकडे. खिडकीच्या काचेवर धातूचा उष्णतारोधक थर असेल तर अँटेना भिंतीवर सरकव. मग टीव्हीच्या मेनूत चॅनेल स्कॅन, आणि जागा बदलली की दर वेळी पुन्हा स्कॅन. सीबीएस मधूनच तुटत असेल तर आधी जवळचे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघ, व्हीएचएफला त्यांचाच त्रास जास्त. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. तो सिग्नल वाढवतो तसा गोंगाटही वाढवतो.

तिकिटांचं थोडक्यात. सीझन तिकीट म्हणजे दहा मॅचचे पैसे. या वर्षी बेअर्सच्या घरच्या आठ खऱ्या आणि दोन प्रीसीझनच्या (हंगामाआधीच्या सरावाच्या), ज्यांत मुख्य खेळाडू फारसे उतरतच नाहीत, पण त्यांचेही पैसे तुला लागणारच. पुढेमागे अर्लिंग्टन हाइट्सला नवं स्टेडियम झालं तर सीट लायसन्सचा विषय निघेल असं धरून चाल. ते म्हणजे तिकीट विकत घेण्याच्या हक्काची एकरकमी किंमत, तिकीट परत वेगळं. एखादीच मॅच बघायची असेल तर हंगाम हातातून गेल्यावरच्या थंडीतल्या मॅचचं रीसेल तिकीट शेवटच्या दोन दिवसांत घे. मे २०२५ पासून वेबसाइटला फीसकट पूर्ण किंमत आधीच दाखवावी लागते, त्यामुळे तुलना सोपी झाली आहे. पिशवी पारदर्शकच लागते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. नाहीतर गॅलनची झिपवाली पिशवी, ती घरात असतेच.

आणि आमच्यासारखा संघाचा ‘शेअर’ कधी निघाला तर घेऊ नकोस. पॅकर्सने २०२१-२२ मध्ये ३०० डॉलरला काढला होता, वर ३५ हाताळणी खर्च. लाभांश नाही, बाजारात विकता येत नाही. भिंतीवर छान दिसतो.

कार्डाचं आधी मिटव. २४ टक्क्यांनी ४००० वर महिन्याला ८० डॉलर व्याज. किमान रक्कम सुमारे १२० येईल, त्यातले मुद्दलात जाणार ४०. महिन्याला २५० ठरवून भरलेस तर वीस महिने आणि साधारण ८७० व्याज. ४०० भरलेस तर बारा महिने आणि सुमारे ५००. शून्य टक्क्यावर बॅलन्स हलवायचा असेल तर तीन ते पाच टक्के फी लागते, म्हणजे १२० ते २००. तरीही फायदाच, पण शून्याची मुदत संपण्याआधी फिटेल एवढा हप्ता पहिल्याच महिन्यात ऑटोपेवर लाव. टीव्हीच्या दुकानाचं ‘बारा महिने बिनव्याजी’ कार्ड वेगळं असतं. त्यात मुदतीअखेर दहा डॉलर जरी उरले तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज लागू शकतं. फॉर्मवर ‘डिफर्ड’ शब्द दिसला की ओळख, ही ती पोकळ वर्षं. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता आणि आई-बाबांचे पैसे तू बँकेतून पाठवतोस, त्यामुळे जानेवारीपासूनचा एक टक्का कर तुला लागणार नाही. तो रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशियर चेक देऊन पाठवणाऱ्यांना.

पैज लावायच्या ॲपचं तू हळूच विचारलंयस. ११० लावून १०० मिळतात, म्हणजे बरोबरीत राहायलाच ५२.४ टक्के वेळा बरोबर यावं लागतं. रात्रंदिवस खेळाडू बघणारे, पगारी स्काउट ५२ वर अडकलेत, तिथे आपण ऑफिस सुटल्यावर काय दिवे लावणार? त्यात तुमच्या इलिनॉय राज्याने जुलैपासून प्रत्येक पैजेवर कंपन्यांना २५ ते ५० सेंट कर लावला आहे आणि काही ॲप तो गिऱ्हाइकाकडून काढतात. पाच डॉलरच्या पैजेवर ५० सेंट म्हणजे जिंकण्याआधीच दहा टक्के गेले. मित्रांची फँटसी लीग खुशाल खेळ. वर्गणी एकदाच जाते आणि तिथे एक सोपा नियम पाळ: क्वार्टरबॅक उशिरा घे. दहा-बारा जणांच्या लीगमध्ये बरे क्वार्टरबॅक पुरून उरतात, चेंडू घेऊन धावणारे चटकन संपतात.

२० डिसेंबरला, शनिवारी, आमचा संघ तुमच्याकडे येतोय. त्याआधी ७ डिसेंबरला तुमचा इथे. त्या दिवशी सोफ्याची जागा राखून ठेवतो, तिकिटाचा हट्ट धरू नकोस. धरलासच, तर आमच्या लॅम्बो स्टेडियमच्या बहुतेक जागा धातूच्या बाकांच्या आहेत, बसायला गादी आण आणि बुटांखाली घालायला खोक्याचा जाड पुठ्ठा. थंडी पायातून चढते.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला गोड पापा. गणपतीच्या आरतीचे फोटो पाठव. आणि सीबीएस लागलं की कळव.

तुझा,
सुन्या